लांब पल्ल्यावर ग्रुप का फुटतो: दोष शोधण्याचा क्रम

मागच्या खेपेला रायफलने अर्ध्या एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा झुबका, दिला होता, आज त्याच काडतुसांनी दीड एमओएचा आला. अशा वेळी बहुतेक जण एकाच दुपारी तीन-चार उद्योग करून मोकळे होतात. दुसऱ्या लॉटची काडतुसं काढतात, नळी घासून घेतात, स्कोपचे स्क्रू आवळतात आणि जोडीला बायपॉडची (नळीखालच्या दोन पायांच्या टेकूची) उंचीही बदलतात. पुढचा ग्रुप चांगला आला तर तो कशामुळे आला हे कळायला मार्ग उरत नाही. वाईट आला तर जुनाच दोष टिकून आहे की आपणच नवा घातला, हेही कळत नाही. मग नवा स्कोप येतो, नवी नळी येते आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

खाली आठ टप्पे दिले आहेत आणि त्यांचा क्रम मोडू नका. फुकटात आणि चटकन होणारी तपासणी आधी, खर्चाची शेवटी. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लगेच वहीत लिहायचा. तक्रार ९०० मीटरवरची असली तरी पहिले सात टप्पे १०० मीटरवरच करायचे, कारण तिथे वाऱ्याचा हात जवळजवळ नसतो आणि रायफल, नेमबाज, काडतूस यांचं खरं रूप दिसतं.

मापं सगळीकडे एकच ठेवू: १ एमओए म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर, १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर.

सावधान: स्क्रू, स्कोप किंवा नळीला हात लावण्यापूर्वी मॅगझीन काढा, बोल्ट बाहेर काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा आणि काडतुसं दुसऱ्या टेबलावर ठेवा. प्रत्येक वेळी, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती झाली असली तरीही.

## टप्पा १: दोष खरंच आहे का, ते सिद्ध करा

सगळ्यात जास्त वेळ आणि काडतुसं इथेच वाया जातात. तीन शॉटचा छोटा ग्रुप आला की ती रायफलची कुवत मानली जाते, आणि पुढचा मोठा आला की बिघाड मानला जातो. प्रत्यक्षात दोन्ही ग्रुप त्याच रायफलचे, तिच्यात काहीही न बदलता आलेले असू शकतात.

गोळ्यांचा विखुरा यदृच्छेने पडत असतो. शॉट जितके जास्त, तितका ग्रुप मोठा दिसणार, हे गणितच आहे. एखाद्या रायफलचा ५ शॉटचा सरासरी ग्रुप १ एमओए असेल, तर तिचा ३ शॉटचा सरासरी ग्रुप ०.७८ च्या आसपास येतो आणि १० शॉटचा १.२४ च्या आसपास. त्यातही एकेक ग्रुप सरासरीभोवती बराच हलतो. याच निरोगी रायफलचे ५ शॉटचे ग्रुप ०.६ पासून १.४ एमओएपर्यंत सहज येतील. म्हणजे ०.७ चा ग्रुप टिपून ठेवायचा आणि १.३ चा आला की स्क्रू ड्रायव्हर काढायचा, हा प्रकार हवेशी भांडण्यासारखा आहे.

करायचं ते असं:

१. एकसारख्या चार टार्गेटांवर प्रत्येकी ५, असे २० शॉट मारा. नेम ठळक आणि छोट्या खुणेवर असू द्या. मोठ्या काळ्या गोलाच्या मध्यावर अंदाजाने नेम धरू नका.

२. दोन शॉटमध्ये साधारण एक मिनिट आणि दोन ग्रुपांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

३. प्रत्येक भोकाला क्रमांक द्या. कोणता शॉट कुठे लागला हा क्रम पुढच्या सगळ्या टप्प्यांत लागणार आहे. एका कागदावर भोकं एकात एक जात असतील तर स्पॉटिंग स्कोपमधून बघत वहीत आकृती काढत जा.

४. घरी आल्यावर चारही टार्गेटांवर एकच ट्रेसिंग पेपर ठेवा. नेमाची खूण खुणेवर जुळवा आणि वीसही भोकं त्या एका कागदावर उतरवा.

हा एक कागद चार सुट्या ग्रुपांपेक्षा कितीतरी जास्त बोलतो. त्यावर वीस ठिपक्यांचा मध्य काढा, प्रत्येक ठिपक्याचं मध्यापासूनचं अंतर मोजा आणि त्यांची सरासरी काढा. ही सरासरी त्रिज्या. ग्रुपचं टोक ते टोक अंतर दोनच भोकांवर ठरतं, उरलेली अठरा भोकं काय सांगतात ते त्यात येतच नाही. सरासरी त्रिज्येत प्रत्येक शॉटचा हिशेब असतो, म्हणून बदलाच्या आधीची आणि नंतरची तुलना तिच्यावरच करा.

फ्लायर (ग्रुपपासून दूर पडलेला शॉट) वगळायचा का, हा प्रश्न नेहमी येतो. टार्गेटकडे बघण्याआधी ‘हा उजवीकडे ओढला गेला’ असं तुम्ही मोठ्याने म्हटलं असेल किंवा लिहिलं असेल, तर वगळा. भोक दिसल्यावर सुचलेलं कारण धरायचं नाही. तो शॉटही रायफलचाच आहे.

पडताळणी: तुम्हाला नेमकं काय हवंय ते आकड्यात लिहा. ३०० मीटरच्या आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं, म्हणजे साधारण १.१५ एमओए. विसांचा ग्रुप तुमच्या खेळाच्या गरजेत बसत असेल तर रायफलला दोष नाही आणि तुम्ही सरळ आठव्या टप्प्यावर जाऊ शकता.

## टप्पा २: ठिपक्यांचा आकार वाचा

वीस ठिपक्यांचा कागद समोर ठेवा. पाच ठिपके योगायोगानेही रेषेत दिसतात, त्यामुळे हा टप्पा सुट्या ग्रुपवर करू नका.

- उभी रेघ: गोळीच्या वेगातला फरक, बायपॉडवरचा कमी-जास्त जोर, मागच्या पिशवीची पकड, गालाचा दाब, श्वास.
- आडवी रेघ: वारा, ट्रिगरवर बोट तिरकं, शरीर रायफलला तिरकं, पॅरलॅक्स (डोळा हलला की स्कोपमधली नेमाची खूण टार्गेटवर सरकणं).
- दोन वेगळे झुबके: काहीतरी दोन जागांमध्ये हलतंय. स्कोप, त्याला धरणारी रिंग, ॲक्शनचा (बोल्ट ज्यात फिरतो तो धातूचा भाग) स्क्रू किंवा बेडिंग (ॲक्शन स्टॉकमध्ये, म्हणजे दस्त्यात, टेकते ती बैठक).
- क्रमाने एका दिशेला सरकत जाणारे शॉट: तापणारी नळी किंवा स्टॉकला टेकलेली नळी.
- फक्त पहिला शॉट वेगळा: स्वच्छ वा थंड नळी, तेलाचा अंश, किंवा अजून न बसलेलं शरीर.
- सगळीकडे सारखा, गोल आणि मोठा: काडतूस, नळीचं तोंड, झिजलेली नळी.

हा कागद कुठून सुरुवात करायची तेवढं सुचवतो, त्याच्यावर निकाल देऊ नका. उभी रेघ दिसली म्हणून थेट पावडर बदलायला जाऊ नका. तिच्या पाच कारणांपैकी चार तुमच्या अंगाशी निगडित आहेत.

## टप्पा ३: जे जे सैल होऊ शकतं ते सगळं

टॉर्क रेंच लागेल. हाताचा अंदाज इथे चालत नाही. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना बहुधा १.७ ते २ न्यूटन-मीटर आणि ॲल्युमिनियमच्या बेडिंग ब्लॉकमधल्या ॲक्शन स्क्रूंना ७ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क सांगितलेला असतो. तरी तुमच्या रिंगांच्या आणि स्टॉकच्या निर्मात्याने दिलेला आकडाच खरा धरा. तो आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे का, हेही बघा. आट्यांना तेल किंवा थ्रेडलॉकर लागलं की त्याच टॉर्कला स्क्रू जास्त ओढला जातो आणि स्कोपची नळी दबू शकते.

क्रम असा ठेवा:

१. आवळण्याआधी तपासा. रेंच कमी आकड्यावर लावून प्रत्येक स्क्रू हलतो का ते बघा आणि हललेला स्क्रू वहीत नोंदवा. थेट पूर्ण टॉर्कला आवळलं तर पुरावाच पुसला जातो.

२. नळी आणि स्टॉकमधली फट. कागदाची पट्टी नळीखालून घालून ॲक्शनपर्यंत न अडखळता सरकली पाहिजे. मग रायफल बायपॉडवर ठेवून, पुढून जोर देऊन पुन्हा तपासा. सडपातळ प्लॅस्टिकचा स्टॉक जोराखाली वाकून नळीला टेकतो. हातात धरल्यावर मोकळी असलेली फट अशी नेम धरताना बंद होते.

३. बेडिंगमधला ताण. रायफल उभी धरा, एका बोटाचं पेर नळीला आणि स्टॉकच्या पुढच्या टोकाला एकाच वेळी टेकवा. मागचा स्क्रू घट्ट ठेवून पुढचा सावकाश सैल करा. बोटाखाली नळी आणि स्टॉक एकमेकांपासून सरकल्याचं जाणवलं तर ॲक्शन स्टॉकमध्ये वाकवून बसवली जातेय. डायल इंडिकेटर असेल तर ०.०५ मिलिमीटरहून जास्त हालचाल ही बेडिंग बघून घेण्याची खूण समजा.

४. मॅगझीनचा डबा. आत बसवलेला डबा असेल तर ॲक्शन स्क्रू पूर्ण आवळलेले असताना तो बोटाने किंचित हलला पाहिजे.

या चौथ्या मुद्द्यासाठी मी एका रायफलमागे दोन महिने घालवले आहेत. १०० मीटरवर दोन झुबके पडायचे, दोघांत जेमतेम दोन सेंटिमीटरचं अंतर, आणि प्रत्येक झुबका स्वतःपुरता सुरेख. मी गोळीची तीन वजनं बदलली, स्कोप बदलला. शेवटी ॲक्शन स्टॉकमधून काढून दिव्याखाली धरली, तेव्हा मॅगझीनच्या डब्याच्या वरच्या कडेवर काळा लेप घासून निघालेला दिसला. नखाएवढी लांब, चकचकीत रेघ होती ती. डबा खालच्या धातूच्या पट्टीत आणि ॲक्शनमध्ये चिमटला जात होता, म्हणून ॲक्शन बेडिंगवर पूर्ण टेकतच नव्हती आणि प्रत्येक धक्क्याला दोनपैकी एका जागी बसत होती. कड कानशीने अर्धा मिलिमीटर उतरवली आणि दोन्ही झुबके एक झाले. म्हणून सांगतो, ॲक्शन बाहेर काढाल तेव्हा सगळीकडे अशा चकचकीत खुणा शोधा. जिथे धातू घासतो तिथे तो सांगून जातो.

५. स्कोपचा बेस आणि रिंग. बेसचे स्क्रू रिंगांखाली झाकलेले असतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी तपासले जातात. तुम्ही ते आधी तपासा. स्कोपच्या नळीवर रिंगच्या कडेला पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा. दहा-वीस शॉटनंतर रेघ रिंगपासून सरकलेली दिसली तर स्कोप धक्क्याने पुढे घसरतोय.

६. नळीच्या तोंडावरचं जोडकाम. मझल ब्रेक किंवा सप्रेसर एक आटाभर जरी सैल झाला तरी ग्रुप मोठा होतो. सप्रेसरच्या आत गोळी घासल्याची खूण दिसली तर गोळीबार तिथेच थांबवा.

७. बायपॉड आणि त्याचा खिळा. पाय हलले तर चालतात. खिळा स्टॉकमध्ये हलता कामा नये.

पडताळणी: या टप्प्यात काही सैल सापडलं तर ते दुरुस्त करून पुन्हा २० शॉटचा कागद करा. तो होईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: स्कोप

आधी मागचं भिंग, मग पॅरलॅक्स. हा क्रम उलटा झाला की पॅरलॅक्सचं बटण कितीही फिरवा, ते खोटंच बसतं. मागचं भिंग जुळवताना आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे स्कोप धरा, सूर्याकडे कधीही नाही. एक-दोन सेकंदच बघा. जास्त वेळ बघितलं तर डोळा स्वतःच धूसर रेटिकल (स्कोपमधली नेमाची खूण) जुळवून घेतो आणि भिंग तसंच चुकीचं राहतं.

आता रायफल पिशव्यांवर अशी टेकवा की हात न लावता नेम टार्गेटवर राहील. डोकं सावकाश वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. रेटिकल टार्गेटवर सरकताना दिसलं तर सरकणं थांबेपर्यंत बटण फिरवा. बटणावर छापलेल्या मीटरच्या आकड्यावर विसंबू नका, आणि चित्र स्पष्ट दिसतंय एवढ्यावरही नाही. ‘सरकत नाही’ हीच खरी कसोटी.

स्कोपचं आतलं काम तपासायचं तर १०० मीटर अंतर नीट मोजून घ्या. ओळंब्याने रेखलेली एक मीटर उंच उभी रेघ टार्गेटवर काढा, रायफल घट्ट बसवा आणि स्कोपची उंचीची घुंडी १० मिल वर चढवा. रेटिकल बरोबर एक मीटर सरकलं पाहिजे, आणि रेघ न सोडता. मग वीस वेळा वर-खाली फिरवून झिरोवर (घुंडीच्या मूळ जुळवलेल्या जागेवर) आणा आणि ५ शॉट मारून झिरो तिथेच आहे का बघा. १० मिलला एक मीटरऐवजी ९८ सेंटिमीटर भरले तर त्याने ग्रुप फुटत नाही, फक्त लांबवरचा आकडा चुकतो. तो दोष बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये भरून निघतो. झिरोवर परत न येणारा स्कोप मात्र दुरुस्तीलाच जायला हवा.

तरीही शंका राहिली तर खात्रीचा दुसरा स्कोप त्याच्या रिंगांसकट लावा. ग्रुप सुधारला तर संशयित स्कोप खात्रीच्या रायफलवर चढवून बघा. दोष त्याच्यासोबत गेला पाहिजे.

## टप्पा ५: नेमबाज

हा टप्पा लोक टाळतात, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दोष इथेच सापडतो. त्यात कमीपणा मानू नका. सवय बदलायला पैसे लागत नाहीत.

शरीर बसवणं. रायफलच्या मागे सरळ झोपा, दोन्ही खांद्यांची रेषा नळीला काटकोनात हवी. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रेटिकल खुणेवरून सरकलं असेल तर हाताने ओढून परत आणू नका. कंबर किंवा कोपर हलवून संपूर्ण शरीर फिरवा आणि पुन्हा डोळे मिटा. स्नायूंनी धरलेला नेम ट्रिगर सुटताना आपल्या मूळ जागेकडे पळतो.

गाल. डोळे मिटून गाल स्टॉकवर टेकवा आणि उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी कोर नको. कोर दिसली तर स्टॉकच्या गालपट्टीची उंची बदला, मान उचलून किंवा दाबून चित्र जुळवू नका. डोक्याचं वजन दर शॉटला तेवढंच पडू द्या.

बायपॉडवरचा जोर. जोर किती, यापेक्षा तो दर वेळी तितकाच आहे का, हे महत्त्वाचं. काँक्रीटवर पाय उडतात, मातीत रुततात, त्यामुळे एका पृष्ठभागावर जमलेला जोर दुसऱ्यावर लागू पडतोच असं नाही. पायांखाली एकच जाड चटई नेहमी वापरा.

मागची पिशवी. बटाखाली ती नेहमी एकाच ठिकाणी ठेवा. मुठीने दाबून उंची जुळवत असाल तर ट्रिगर सुटेपर्यंत मूठ तशीच राहिली पाहिजे. शॉटच्या क्षणी मूठ ढिली पडणे हे उभ्या रेघेचं नेहमीचं आणि सहसा न सापडणारं कारण आहे. सापडवायचा उपाय सोपा: सोबत्याला शेजारी बसवा आणि फक्त तुमच्या डाव्या हाताकडे बघायला सांगा, टार्गेटकडे अजिबात नाही. डाव्या हाताने नेम धरत असाल तर उजव्या हाताकडे.

ट्रिगर. बोटाचं पहिलं पेर, दाब सरळ मागे, आणि धक्का ओसरेपर्यंत ट्रिगर मागेच धरून ठेवा. शॉटनंतर रेटिकल कुठे गेलं ते बघा. सरळ वर उठून टार्गेटजवळ परत बसलं तर शरीर रायफलच्या मागे आहे. दर वेळी एकाच बाजूला फेकलं गेलं तर शरीर तिरकं आहे.

आता दोन चाचण्या. रायफलचा निर्माता ड्राय फायरला परवानगी देत असेल तर रिकाम्या चेंबरवर दहा वेळा ट्रिगर ओढा आणि रेटिकल दचकतं का ते बघा. मग रेंजवर सोबत्याला काडतुसं भरायला सांगा. तो मध्येच, तुम्हाला न सांगता, रंगाने ओळखू येणारं निकामी डमी काडतूस भरेल. डमीवर ट्रिगर सुटला आणि नळी खाली डुचकली, तर फ्लायरचं कारण सापडलं.

सावधान: ट्रिगर ओढला आणि बार झाला नाही तर तो डमीच असेल असं गृहीत धरू नका. नळी टार्गेटच्या दिशेने ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा. एखाद्या शॉटचा आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी वाटला तर पुढचा शॉट मारू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. चेंबर रिकामं करा आणि नळी आरपार मोकळी आहे का ते तपासा.

पडताळणी: तुमच्याइतक्या किंवा जास्त सरावाच्या नेमबाजाला तुमच्या रायफलने, आलटून-पालटून, दहा-दहा शॉट मारायला द्या. दोष कुठे असेल असं तुम्हाला वाटतं, ते आधी बोलू नका. दोघांचे कागद सारखे आले तर पुढे जा.

## टप्पा ६: काडतूस

एकाच लॉटची पुरेशी काडतुसं बाजूला काढा. दोन लॉट मिसळले तर दोन झुबके पडू शकतात आणि तुम्ही विनाकारण बेडिंगकडे बघत राहता. काडतुसं उन्हात ठेवू नका, आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वाऱ्याची वाट बघत बसू नका. पावडर तापली की वेग चढतो.

वेग मोजायचा तर किमान १०, शक्यतो २० शॉट मोजा. १० शॉटमधून प्रमाण विचलन सेकंदाला ५ मीटर आलं, तर खरा आकडा साधारण ३.५ ते ९ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. पाच शॉटवर ‘विचलन २ आलं’ असं सांगण्यात काही अर्थ नाही. नळीला बांधायचा क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) असेल तर त्याच शॉटांचा ग्रुप मोजू नका, टोकाला लटकलेल्या वजनाने नळीचा ठोका बदलतो.

काडतुसं स्वतः भरत असाल, आणि तुमच्याकडच्या कायद्यात ते चालत असेल, तर हे क्रमाने बघा: तराजू तापून स्थिर झालाय का आणि कसोटीच्या वजनाने तो दर दहा काडतुसांनी तपासला जातोय का, गोळीची बैठक टोकापासून न मोजता गोळीच्या निमुळत्या वळणापासून, कंपॅरेटर नावाच्या मापकाने मोजली जातेय का, केसचा गळा गोळीला दर वेळी सारखा धरतोय का, प्रायमर (पावडर पेटवणाऱ्या टोप्या) सगळे एकाच खोलीवर बसलेत का. गोळी बसवताना हाताला कधी हलकं, कधी जड लागत असेल तर गळ्याची पकड बदलतेय. अशी काडतुसं वेगळी ठेवून वेगळ्या कागदावर मारून बघा.

सावधान: गोळी, पावडर, प्रायमर किंवा केस यांतलं काहीही बदललं की छापील तक्त्यातल्या सुरुवातीच्या वजनापासून पुन्हा चढा. ग्रुप सुधारावा म्हणून तक्त्याच्या कमाल आकड्यापलीकडे जाऊ नका.

## टप्पा ७: नळी

नळीचं तोंड भिंगाखाली बघा. काजळीची चांदणी सगळीकडे सारखी पडलेली असावी. एका बाजूची पाकळी लांब असेल तर तिथे कड दुखावली आहे. कापसाची काडी आतून बाहेर ओढून फिरवा, तंतू अडकला की जागा कळते. हे काम तज्ज्ञाचं आहे, घरी घासत बसू नका.

साफसफाई करताना मार्गदर्शक नळी वापरा आणि ब्रश मागून पुढे ढकला. तांब्याबरोबरच चेंबरच्या पुढे जमलेलं कार्बनचं कडंही काढा, बोअरस्कोपने (नळीच्या आत बघायच्या दुर्बिणीने) ते दिसतं. धुतल्यावर पहिले काही शॉट वेगळे जाणारच. नळी बसायला किती शॉट लागतात ते मोजून वहीत लिहा आणि तेवढे शॉट ग्रुपमध्ये धरू नका. साफसफाई, नवी काडतुसं आणि ग्रुपची चाचणी एकाच दिवशी करू नका.

कागदावरची भोकं गोल न दिसता लांबट दिसली तर गोळी तिरकी उडतेय. एवढ्या लांब आणि जड गोळीला नळीतल्या खाचांची पीळ पुरत नसावी, किंवा नळी संपली असावी.

## टप्पा ८: आता लांब

१०० मीटरवर सगळं ठीक आणि ९०० वर ग्रुप फुटतो, याचा अर्थ रायफल लांब गेल्यावर बिघडते असा नाही. काही दोष जवळ दिसतच नाहीत.

वेगाचं उदाहरण घ्या. .३०८ विंचेस्टरची १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला ८०० मीटरने निघते. ९०० मीटरवर ती नळीच्या रेषेपासून १० मीटरच्या आसपास खाली पडते, १०० मीटरवर जेमतेम ८ सेंटिमीटर. वेग एक टक्का बदलला की पडझड साधारण दोन टक्क्यांनी बदलते. विचलन सेकंदाला ४ मीटर, म्हणजे अर्धा टक्का धरा. १०० मीटरवर त्याचा परिणाम एक मिलिमीटरही होत नाही, ९०० मीटरवर १० सेंटिमीटर होतो. पाच शॉटच्या ग्रुपमध्ये नुसत्या वेगामुळे २० ते २५ सेंटिमीटरची उभी रेघ येते, जवळजवळ पूर्ण १ एमओए. म्हणून लांबवरच्या उभ्या रेघेचा शोध क्रोनोग्राफपासून सुरू करा.

आडव्या रेघेचा बहुतांश हिशेब वाऱ्यात आहे. याच गोळीला आडवा वारा सेकंदाला १ मीटरने जास्त लागला तर ९०० मीटरवर ती अर्ध्या मीटरहून जास्त सरकते. एवढा फरक चेहऱ्याला कळतही नाही. ग्रुप मारताना वारा अमुक एका अवस्थेत आला की मारा, नाहीतर थांबा. मृगजळाची धाव बघा: लाटा कोणत्या बाजूला वाहतायत, उभ्या उकळतायत का. उकळी दिसतेय तेव्हा शॉट सोडू नका, बहुधा त्या वेळी वारा दिशा बदलत असतो. नळी तापून तिच्यावरूनच वाफ उठत असेल तर नळीवर कापडी पट्टी ताणून बांधा.

वाऱ्याच्या नावावर खपणारा एक दोष मात्र आपलाच असतो: रायफल कलणे. १० मीटरची पडझड भरून काढताना एक अंश कललात तर गोळी १७ सेंटिमीटर बाजूला जाते. असमान जमिनीवर दोन-दोन अंश कलूनही डोळ्याला रेटिकल सरळच वाटतं. स्कोपवर बुडबुड्याची पातळी लावा, पण आधी ओळंब्यावर रेटिकल आणि बुडबुडा एकमेकांशी जुळवून घ्या.

शेवटी ध्वनीचा वेग. १५ अंश सेल्सिअसला तो सेकंदाला ३४० मीटर असतो. गोळी सेकंदाला साधारण ४१० मीटरच्या खाली आली की ती अस्थिर होऊ लागू शकते. कॅल्क्युलेटरमध्ये तुमच्या गोळीला हा वेग कोणत्या अंतरावर येतो ते बघा. ग्रुप नेमका त्याच अंतरानंतर अचानक फुटत असेल, त्याच्या अलीकडे एमओएत सारखाच येत असेल, तर जास्त वेगाची किंवा हवा कमी अडवणारी गोळी लागेल. त्या अंतरावर बेडिंग उकलून काही मिळणार नाही.

दोष सापडला असं वाटलं तरी एक काम उरतं. तो दोष परत घाला. पॅरलॅक्स मुद्दाम बिघडवा किंवा जुनी काडतुसं पुन्हा काढा, आणि २० शॉट मारा. ग्रुप पुन्हा फुटला तर कारण पक्कं. फुटला नाही तर सुधारणा योगायोगाची होती, आणि शोध त्याच टप्प्यावरून पुढे न्यायचा. सैल स्क्रू, सप्रेसर आणि पावडरच्या बाबतीत ही उलट चाचणी करायची नाही. तिथे दुरुस्तीनंतरचे २० शॉटचे दोन कागद, दोन वेगळ्या दिवशी, एकावर एक ठेवून बघा.